अवजड यंत्रांची उमेदवारी

शहरात एखादी मोठी इमारत उठू लागली म्हणजे रस्त्याने जाणारा मनुष्य क्षणभर तरी मान वर करून उभा राहतो. आकाशात क्रेनचा लांब हात सावकाश फिरत असतो. त्याच्या टोकाला तारेच्या दोराने लोंबकळणारी पोलादी तुळई काडीसारखी भासते, आणि खाली उभा असलेला एक मनुष्य केवळ हाताच्या खुणेने ती तुळई हवी तेथे उतरवून घेतो. पाहणाऱ्याला नवल वाटते ते यंत्राच्या बळाचे. परंतु त्या देखाव्यात यंत्राइतकीच लक्ष देण्याजोगी दोन माणसे असतात. एक यंत्राच्या खोलीत बसून दांडे हलविणारा चालक, आणि दुसरा खाली राहून ओझे बांधणारा. पहिल्याला आपण उचललेले ओझे पुष्कळदा दिसतही नाही. दुसऱ्याच्या हाती यंत्र नसते. दोघांपैकी एकाची चूक झाली तर तिची किंमत बहुधा तिसराच कोणी तरी देतो. ही विद्या माणसाला कोण शिकवितो, आणि ती शिकण्यास कोणाला घ्यावयाचे व कोणाला नाही हे कोण ठरवितो, हा प्रश्न म्हणूनच केवळ मजुरीच्या दरापुरता नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि कॅनडात या प्रश्नाचे जे उत्तर रूढ झाले आहे ते आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांना काहीसे अपरिचित वाटेल. तेथे या धंद्यात शिरण्याचा सर्वांत नावाजलेला मार्ग विद्यापीठातून जात नाही, की सरकारी शाळेतूनही जात नाही. तो कामगार संघाच्या दारातून जातो. संघ आणि बांधकामाचे कंत्राटदार, म्हणजे एरवी मजुरीवरून एकमेकांशी झगडणारे दोन पक्ष, येथे मात्र एकाच टेबलाशी बसून उमेदवार निवडतात, त्याला शिकवितात आणि शेवटी त्याची परीक्षा घेतात.

‘उमेदवार’ हा शब्द अलीकडे निवडणुकांच्या गडबडीत इतका गुरफटून गेला आहे की, कचेरीत किंवा कारखान्यात काम शिकण्यासाठी विनावेतन राबणाऱ्या होतकरू तरुणाला पूर्वी उमेदवार म्हणत, ही आठवण पुसट होत चालली आहे. भारतात १९६१ साली झालेल्या कायद्याने ‘शिकाऊ उमेदवार’ या नावात तो जुना अर्थ जिवंत ठेवला आहे. अमेरिकेतील उमेदवार मात्र विनावेतन राबत नाही. तो पहिल्या दिवसापासून पगारी नोकर असतो, आणि त्याचा पगार किती व तो केव्हा वाढावयाचा हे करारात आधीच लिहिलेले असते.

या व्यवस्थेची मुळे १८९६ या एकाच सालापर्यंत जातात. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत पिट्सबर्ग येथे पूल आणि इमारती यांचे लोखंडी सांगाडे उभारणाऱ्या कारागिरांनी आपला संघ स्थापन केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिकागो येथे वाफेची यंत्रे चालविणारे काही थोडे लोक एकत्र आले आणि त्यांनीही आपला संघ काढला. त्या काळी हे लोक आठवड्याला ६० पासून ९० तासांपर्यंत राबत. पुढे वाफ गेली, तेलावर चालणारी यंत्रे आली. १९२७ साली वाफेच्या फावड्यांवर आणि गाळ काढणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांचा निराळा संघ त्यांना येऊन मिळाला, आणि त्यातून यंत्रचालकांचा आजचा आंतरराष्ट्रीय संघ आकारास आला. बुलडोझर, एक्स्कॅव्हेटर, ग्रेडर आणि लहानमोठ्या क्रेन चालविणारे लोक या संघात असतात. त्याच्या सभासदांची संख्या आज सुमारे चार लाख आहे. गंमत अशी की, वाफ जाऊन इतकी वर्षे लोटली तरी संघाच्या चिन्हात वाफेचा दाब मोजणारी तबकडी अजून कायम आहे.

ओझे बांधणाऱ्याला तिकडे ‘रिगर’ म्हणतात. हा शब्द मुळात गलबतावरचा आहे. शिडे व डोलकाठ्या यांचे दोरखंड बांधणारा तो रिगर. दोर, गाठी आणि कप्प्या यांची विद्या जहाजावरून किनाऱ्यावर आली, आणि तिच्याबरोबर नावही आले. आपल्याकडेही हीच गोष्ट घडली आहे. रेल्वेच्या कारखान्यांत जड सामान उचलणाऱ्या आणि हलविणाऱ्या माणसाला खलाशी म्हणण्याची चाल पडली. त्याचा समुद्राशी संबंध तेवढ्या शब्दापुरताच उरला. अमेरिकेत रिगरचे काम पुष्कळसे लोखंडकामाच्या संघाकडे असते. नळकाम करणारे, बाष्पपात्रे जोडणारे आणि कारखान्यातील यंत्रे बसविणारे हेही आपापल्या कामापुरते रिगिंग स्वतः करतात, आणि कोणते ओझे कोणाच्या हद्दीत येते यावरून संघासंघांत वाद होतात. त्या वादांत शिरण्याचे येथे कारण नाही.

सरकारचा हात या व्यवस्थेत उशिरा आला. विस्कॉन्सिन संस्थानाने १९११ साली उमेदवारीचा कायदा केला. देशव्यापी कायदा १९३७ साली झाला. तो मांडणाऱ्या प्रतिनिधीच्या नावावरून त्याला फिट्झजेरल्ड कायदा म्हणतात. या कायद्याखाली झालेल्या नियमांचा आशय साधा आहे. उमेदवारीचा करार लेखी असला पाहिजे. प्रत्यक्ष कामाचे तास निदान २,००० असले पाहिजेत. वर्गातील शिक्षणासाठी दर वर्षी १४४ तासांची शिफारस आहे. कौशल्य वाढेल तसतसा पगार वाढला पाहिजे, आणि शेवटी सरकारमान्य प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. नोंदणीचे महत्त्व कंत्राटदाराला कळते ते निराळ्याच कारणाने. १९३१ च्या एका कायद्याप्रमाणे मध्यवर्ती सरकारच्या बांधकामावर त्या भागात रूढ असलेला पूर्ण दर द्यावा लागतो, आणि त्याहून कमी दराने फक्त नोंदलेला उमेदवारच ठेवता येतो.

शिकविण्याचा खर्च कोण करतो? उमेदवाराला बहुतेक ठिकाणी फी नसते. कंत्राटदार आणि संघ यांच्यात मजुरीचा जो करार होतो त्यातच असे लिहिलेले असते की, प्रत्येक कारागिराने केलेल्या प्रत्येक तासामागे ठराविक सेंट शिक्षणनिधीत जमा व्हावयाचे. आज क्रेनवर बसलेला मनुष्य अशा रीतीने उद्याच्या उमेदवाराचा खर्च तासातासाने उचलीत असतो. या निधीवर ताबा कोणाचा असावा हा प्रश्न नाजूक होता. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याला कामगार संघांनी कडाडून विरोध केला होता. मालकाच्या पैशातून चालणाऱ्या कामगार-निधीच्या विश्वस्तांत दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने असावेत, ही अट त्याच कायद्याने घातली, आणि १९५९ च्या दुरुस्तीने ती शिक्षणनिधीलाही लागू झाली. ज्या कायद्याला संघांनी शिव्या दिल्या त्यानेच त्यांच्या शाळांचा पाया घट्ट केला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता प्रवेशाकडे वळावे. संघाची स्थानिक शाखा आणि कंत्राटदार यांच्या संयुक्त समितीकडून अर्ज मागविले जातात. काही ठिकाणी वर्षभर, पुष्कळ ठिकाणी मात्र वर्षातून काही दिवसच. ती मुदत हुकली की पुढच्या खेपेपर्यंत थांबावे लागते. वय बहुधा १८ पूर्ण हवे. माध्यमिक शाळेचे किंवा त्याच्या तोडीचे प्रमाणपत्र हवे. वाहन चालविण्याचा परवाना जवळजवळ सर्वत्र मागतात, कारण काम आज या गावी तर उद्या साठ मैलांवर असते, आणि पहाटे तेथे वेळेवर पोहोचणे हे उमेदवाराचे काम आहे. त्यानंतर लेखी परीक्षा होते. तीत अपूर्णांक, लांबी-रुंदीची मापे, साधी भूमिती आणि वाचलेल्या मजकुराचे आकलन एवढेच असते, पण शाळा सोडून चार वर्षे झालेल्या तरुणाची तेथेच तारांबळ उडते. मग मुलाखत, आणि मादक द्रव्यांसाठी तपासणी. या सर्वांचे गुण एकत्र करून यादी लावतात. यादीत नाव आले म्हणजे काम मिळाले असे नव्हे. कंत्राटदारांना माणसे हवी होतील तसतशी वरून एकेक नावे घेतली जातात, आणि खालच्या क्रमांकाच्या माणसाला महिनेच्या महिने वाट पाहावी लागते. त्या अवधीत तो ट्रक चालवितो, शेतावर राबतो किंवा एखाद्या बांधकामावर साधी मजुरी करतो, आणि पुढच्या मुलाखतीत तो अनुभव त्याच्या उपयोगी पडतो.

ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना येथे शंका येईल की, दाराशी इतका पहारा असेल तर आत ओळखीचीच माणसे जात असतील. ही शंका खरी आहे, आणि या व्यवस्थेच्या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणा भाग तोच आहे. बांधकामाच्या संघांत दीर्घ काळ बापामागून मुलगा, भावामागून भाऊ अशी भरती होत असे. या चालीचे समर्थन असे करीत की, ज्याचा बाप तुळईवरून चालला त्याला धोक्याची समज घरातच मिळते. त्या समर्थनात तथ्य थोडे आणि सोय पुष्कळ होती. निग्रो म्हणून हिणविल्या गेलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांना त्यामुळे कित्येक शाखांत शिरकावच मिळेना. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने असा भेद बेकायदा ठरविला. तरी दार आपोआप उघडले नाही. १९६९ साली फिलाडेल्फिया योजना अमलात आली. सरकारी पैशाच्या बांधकामावर सहा निवडक धंद्यांत वगळलेल्या समाजांतील कामगार घेण्याची उद्दिष्टे तिने कंत्राटदारांना घालून दिली, आणि त्या सहांत लोखंडकाम होते. स्त्रियांसाठी अशीच उद्दिष्टे १९७८ साली आली. बांधकामाच्या धंद्यांत स्त्रियांचे प्रमाण आजही फार थोडे आहे, पण क्रेनच्या खोलीत बसलेली स्त्री ही आता अशक्य कोटीतील गोष्ट राहिलेली नाही. दांडा हलविण्यास दंडाचे बळ लागत नाही. लागते ते डोळ्याचे माप आणि मनाचा शांतपणा.

निवड झाल्यावर करारावर सह्या होतात. पहिला काही काळ परीक्षणाचा असतो. नियमाप्रमाणे तो एक वर्ष किंवा एकंदर मुदतीचा चौथा हिस्सा, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त नसतो, आणि त्या काळात दोघांपैकी कोणीही करार सोडू शकतो. पगार अनुभवी कारागिराच्या साधारण निम्म्यापासून किंवा त्याहून थोडा वरून सुरू होतो, आणि ठराविक तास भरले की पायरीपायरीने चढतो. मुदत तीन ते चार वर्षांची, म्हणजे ६,००० तास किंवा त्याहून अधिक. येथे एक मेख आहे. आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ५० आठवडे काम मिळाले तर २,००० तास भरतात. पण उत्तरेकडील संस्थानांत हिवाळ्यात जमीन गोठते, रस्त्याची कामे बंद पडतात आणि उमेदवार घरी बसतो. तेवढे तास त्याच्या खाती पडत नाहीत. ज्याने तीन वर्षांचा हिशेब धरून संसार मांडला त्याला चौथे वर्ष अनपेक्षितपणे पाहावे लागते. पुढे होणारी मिळकत चांगली असली तरी मधल्या बेकारीसाठी शिल्लक ठेवावी लागते, ही गोष्ट मुलाखतीत कोणी सांगो वा न सांगो, उमेदवाराच्या बायकोला पहिल्याच हिवाळ्यात कळते.

काम देण्याची रीतही निराळी आहे. उमेदवार एका मालकाचा बांधलेला नसतो. संघाच्या कचेरीत रिकाम्या माणसांची यादी असते, कंत्राटदार तेथे मागणी कळवितो, आणि यादीतील क्रमाने माणूस पाठविला जातो. एक पूल संपला की तो पुन्हा यादीत. त्यामुळे तीन वर्षांत त्याला पाच-सात कंत्राटदार आणि नानाविध यंत्रे पाहावयास मिळतात. एकाच मालकाकडे राहिला असता तर त्याने कदाचित तीन वर्षे एकच रोलर फिरविला असता. संघाचे प्रवेशशुल्क आणि वर्गणी त्याला द्यावी लागते. काही संस्थानांच्या कायद्यांप्रमाणे मात्र संघाचे सभासदत्व कोणावर सक्तीचे करता येत नाही.

यंत्रचालकाच्या उमेदवाराला जुन्या काळी ‘ऑइलर’ म्हणत, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही म्हणतात. मोठ्या क्रेनचे सांधे वंगण घालून नीट ठेवणे, तारेचे दोर तपासणे, क्रेन मागे सरकताना कोणी मधे नाही ना हे पाहणे, ही त्याची पहिली कामे. ती हलकी मानण्याचे कारण नाही. ज्याने वर्षभर प्रत्येक कप्पीला हात लावला आहे त्याला पुढे खोलीत बसल्यावर आवाजावरूनच काय बिघडले ते कळते. वर्गाचे शिक्षण संध्याकाळी, शनिवारी, किंवा काही आठवडे सलग राहून होते. यासाठी संघांच्या स्वतःच्या मोठ्या शाळा आहेत. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ रँचो म्युरिएटा येथे यंत्रचालकांच्या एका शाखेचे विस्तीर्ण शिक्षणकेंद्र आहे, आणि टेक्सासमधील क्रॉस्बी येथे आंतरराष्ट्रीय संघाने २०१८ साली आपले केंद्र उघडले. तेथे जमीन खणावयाची आणि पुन्हा बुजवावयाची, एवढ्याचसाठी एकरच्या एकर मोकळे ठेवलेले असतात.

रिगरच्या विद्येचा एक नमुना पाहिल्यास ती केवळ दोर आवळण्याची विद्या नाही हे ध्यानात येईल. समजा, दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असा काँक्रीटचा ठोकळा उचलावयाचा आहे. त्यावर वजन लिहिलेले नाही. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो, म्हणून ठोकळा ४,८०० किलोंचा. दोन दोरांनी उचलला तर प्रत्येक दोरावर निम्मे, म्हणजे २,४०० किलो येतील असे कोणालाही वाटेल. दोर सरळ उभे असतील तर ते खरेही आहे. परंतु दोन्ही दोर वर एकाच आकड्यात अडकविले म्हणजे ते तिरपे होतात, आणि तिरप्या दोराला ओझे उचलण्याखेरीज आतल्या बाजूला ओढण्याचेही काम करावे लागते. दोराचा जमिनीशी कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येकावर सुमारे २,७७१ किलो ताण येतो. ४५ अंशांना तो ३,३९४ होतो. आणि दोर आखूड घेतल्यामुळे कोन ३० अंशांवर आला तर प्रत्येक दोरावर पुरे ४,८०० किलो येतात. ठोकळा तोच, दोर तेच. फक्त लांबी कमी पडली, आणि ताण दुप्पट झाला. कोठारात लांब दोर आणावयास जाण्याचा ज्याने कंटाळा केला त्याला हे गणित कोणी माफ करीत नाही.

याच्या जोडीला दोराची पारख येते. तारेचा दोर अनेक पेडांचा असतो आणि प्रत्येक पेड बारीक तारांचा. एक पेड दोराभोवती पुरा एक वळसा घेतो तेवढ्या लांबीत दहा तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच पेडात पाच, तर ओझे बांधण्याचा तो दोर बाद करावा असा अमेरिकेतील नियम आहे. दोर नवा असताना त्याच्या तुटण्याच्या मर्यादेच्या साधारण पाचवा हिस्साच भार त्यावर घालण्याचा रिवाज आहे. हा पाच पटींचा राखीव अंश पाहून नवख्याला वाटते की थोडे जास्त घातले तर काय बिघडणार आहे. पण तो राखीव अंश झटक्यासाठी, झिजेसाठी आणि न दिसणाऱ्या दोषासाठी आधीच खर्ची पडलेला असतो.

चालकाचे गणित याहून वेगळे. चाळीस टनांची क्रेन म्हणजे चाळीस टन उचलणारी क्रेन, ही समजूत त्याला पहिल्याच आठवड्यात सोडावी लागते. ते चाळीस टन क्रेनचा हात अगदी जवळ घेतला असतानाचे. हात जसजसा लांब पसरावा तसतशी तिची उलटण्याची प्रवृत्ती वाढते आणि शक्ती झपाट्याने घटते. पुरा पसरला म्हणजे ती थोड्याच टनांवर येते. हा सगळा हिशेब एका तक्त्यात मांडून चालकाच्या खोलीत ठेवलेला असतो. तक्ता वाचता येणे ही या धंद्यातील साक्षरता होय. त्यातील आकडेही क्रेन सपाट व घट्ट जमिनीवर उभी आहे असे धरून दिलेले असतात. कालच बुजविलेला खड्डा टेकूखाली आला तर तक्ता काय करणार? विजेच्या तारांचे भय निराळेच. ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारांपासून निदान १० फूट दूर राहावयाचे, आणि व्होल्ट ठाऊक नसतील तर सामान्यतः २० फूट.

वाऱ्याचे काय होते हे मिलवॉकी शहराने १९९९ साली पाहिले. खेळाच्या एका नव्या मैदानावर सरकते छप्पर बसविण्याचे काम चालू होते. १४ जुलैला छपराचा चारशे टनांहून जड भाग एका प्रचंड क्रेनने उचलला जात असता क्रेन कोसळली. दुसऱ्या एका क्रेनला टांगलेल्या पाळण्यात उभे राहून काम करणारे तीन लोखंडकामगार त्यात मृत्यू पावले. त्या दिवशी वारा होता. क्रेनवर वाऱ्याचा जोर किती पडेल हे पाहिले गेले होते. परंतु उचललेल्या त्या विस्तीर्ण छपरावरच वारा किती जोर करील याचा हिशेब केला गेला नव्हता.

पुढे २०१० साली अमेरिकेच्या सरकारने बांधकामावरील क्रेनविषयी नवे नियम केले. जुने नियम सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचे होते. ओझे बांधणारा आणि खूण करणारा हे दोघेही लायक ठरलेले असले पाहिजेत असे या नियमांनी ठरविले. क्रेनचालकास परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेणे आवश्यक केले. ती अट प्रत्यक्षात मात्र पुढे ढकलली जात जात २०१८ च्या नोव्हेंबरात लागू झाली. या नियमांत दोन छोटी कलमे आहेत, आणि सबंध उमेदवारीचा रोख त्यांवरून दिसतो. सुरक्षिततेविषयी शंका आली तर काम थांबविण्याचा आणि ओझे उचलण्यास नकार देण्याचा अधिकार चालकाला आहे, हे पहिले. ‘थांबा’ ही खूण कोणीही केली तरी चालकाने ती पाळली पाहिजे, हे दुसरे. एरवी क्रेनला खूण करण्याचा अधिकार एकाच माणसाचा असतो. बोट वर करून हात लहान वर्तुळात फिरविला म्हणजे उचला. हात खाली सोडून बोटाने तसेच वर्तुळ काढले म्हणजे उतरवा. दोन्ही हात पोटापुढे एकमेकांत गुंफले म्हणजे सर्व काही आहे तेथे रोखून धरा. या खुणा दुसऱ्या कोणी केल्या तर चालक त्यांकडे पाहणारही नाही. पण हात आडवा पसरून, तळवा खाली ठेवून मागेपुढे हलविणारा मनुष्य कालच आलेला उमेदवार असला, तरी यंत्र थांबलेच पाहिजे.

कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात तासाला हजारो रुपयांचे भाडे पडणारी क्रेन, खाली ताटकळणारी वीस माणसे आणि वेळापत्रकाची आठवण करून देणारा मुकादम, या सर्वांदेखत पहिल्या वर्षाच्या पोराने हात आडवा करावयाचा म्हणजे छातीचे काम आहे. ज्याची नोकरी मुकादमाच्या मर्जीवर आहे त्याला ते जमणे कठीण. संघाच्या उमेदवारीचा खरा लाभ येथे आहे. उमेदवाराचे नाव संघाच्या यादीत असते आणि त्याचा करार संयुक्त समितीशी असतो. त्याला काढून टाकावयाचे तर कारण समितीपुढे मांडावे लागते. चांगल्या पगाराविषयी आणि निवृत्तिवेतनाविषयी संघाच्या पत्रकांतून पुष्कळ लिहिलेले असते; या गोष्टीविषयी कमी. तरी एखाद्या बापाने आपल्या मुलाला या धंद्यात घालताना आधी विचारावयाचे असेल तर हेच विचारावे की, याने ‘थांबा’ म्हटले तर याच्या पाठीशी कोण उभे राहील?

सगळे उमेदवार शेवटपर्यंत टिकत नाहीत. कोणाला उंचीचे भय वाटते, कोणाला पहाटेचे चार मानवत नाहीत, कोणी वर्ग चुकवितो आणि समितीपुढे उभा राहतो. जे टिकतात त्यांना तास भरल्यावर आणि परीक्षा उतरल्यावर सरकारमान्य प्रमाणपत्र मिळते व पूर्ण दर सुरू होतो. त्या दिवसापासून नव्या उमेदवाराला शेजारी उभे करून शिकविणे हेही त्यांच्या कामात मोडू लागते. क्रेनचालकाचे प्रमाणपत्र तेवढ्यावर कायमचे होत नाही. त्याची मुदत पाच वर्षांची असते, आणि ती सरली की केस पिकलेल्या चालकालाही पुन्हा परीक्षेस बसावे लागते.